नायट्रेट मोजायचं पेन, आठ महिने वापरून: नाल्यावर मस्त, नदीवर जपून

आठ महिने झाले हे पेन घेऊन, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. पेन म्हणजे लिहायचं नाही हां, पाण्यातलं नायट्रेट मोजायचं. जाडसर मार्करएवढं असतं, खाली बदलता येणारं टोक, वर छोटी स्क्रीन, डब्यात स्टँडर्डच्या (म्हणजे किती नायट्रेट आहे ते आधीच माहीत असलेल्या पाण्याच्या) दोन बाटल्या आणि मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात छापलेलं मॅन्युअल. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण पुढे थोड्या शिव्या पण आहेत, आणि तसंही या प्रकारातली सगळी पेनं आतून सारखीच असतात, टोकाला एक पडदा असतो, त्यावर नायट्रेटमुळे मिलिव्होल्टमध्ये फरक पडतो आणि पेन त्याचा आकडा करून दाखवतं. रंग बघायच्या पट्ट्या आधी वापरल्या होत्या, पण गुलाबी, जास्त गुलाबी आणि जांभळट यावर तीन माणसांची तीन मतं व्हायला लागली तेव्हा हे घेतलं.

कशासाठी घेतलं ते सांगतो, नाहीतर रिव्ह्यू अर्धवट राहील. एसटीपीतून, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटमधून, बाहेर पडणारं प्रक्रिया केलेलं पाणी, त्यातलं थोडं सरळ नदीत जातं, बाकीचं झाडांना आणि मुरवायच्या तळ्यांना देतात, मग पुनर्वापर झाला म्हणून सगळे खूश. आम्हा तिघांना एवढंच काढायचं होतं की यातून नदीला दिवसाला नक्की किती किलो नायट्रोजन पोचतो. वरवर बघता सोपं आहे, एमएलडी गुणिले मिलिग्रॅम पर लिटर बरोबर किलो पर डे, मध्ये कुठे हजाराने भागायची पण गरज नाही (एक एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर, म्हणून जमतं). आम्हाला वाटलं पेन आलं, आता एका शनिवारात काम संपतंय. आठ महिने लागले.

पहिल्या दिवसाचा घोळ आधी. स्क्रीनवर फक्त पीपीएम येतं, म्हणजे लिटरला मिलिग्रॅम. कशाचे पीपीएम? बटण तीन सेकंद दाबून धरलं की ते नायट्रेटचं नायट्रेट-नायट्रोजन होतं आणि कोपऱ्यात एक बारीकसं अक्षर बदलतं, जे उन्हात दिसतच नाही. एकच पाणी एका पद्धतीत १० आणि दुसऱ्यात ४४, कारण नायट्रेटच्या रेणूचं वजन ६२ आणि त्यातल्या नायट्रोजनचं १४, म्हणजे ४.४३ पट. माझ्या मित्राने खिशात ठेवताना बटण दाबलं गेलं आणि दुसऱ्या दिवशी ४४ चे एकदम १० झाले, आम्ही तासभर प्लांटवाल्यांचं कौतुक करत बसलो होतो की बघा काय सुधारणा केली एका रात्रीत. पहिल्या महिन्याची अर्धी वही त्यामुळे बाद. आता प्रत्येक आकड्यापुढे एन लिहायचा नियम केलाय. पिण्याच्या पाण्याच्या मर्यादा वाचताना पण हाच घोळ होतो, जागतिक आरोग्य संघटनेचे ५० हे नायट्रेट म्हणून आहेत आणि अमेरिकेतले १० हे नायट्रोजन म्हणून, वाचणाऱ्याला वाटतं एकजण पाचपट कडक आहे, प्रत्यक्षात ५० म्हणजे ११.३, जवळपास एकच.

चांगलं काय ते आता सांगतो. नाल्यावर उभं राहून दोन मिनिटांत आकडा मिळतो हे सुख वेगळंच आहे. एकदा आम्ही आउटलेटवर पूर्ण चोवीस तास बसलो, दर दोन तासांनी एक सॅम्पल. पहाटे ९, सकाळी ११ च्या आसपास १६, दुपारी उतरला, रात्री परत चढला. लोक उठतात, अंघोळ, संडास, सगळं एकदम येतं आणि प्लांटमधून फिरून काही तासांनी बाहेर पडतं, तो चढउतार पेनमध्ये अगदी स्पष्ट दिसला. म्हणजे रोज अकरा वाजता जाऊन एक बाटली भरणारा माणूस वर्षभर जास्तच आकडा देणार, आणि सकाळी सातला जाणारा कमी. आणि जास्त आकडा नेमका जास्त पाण्याच्या वेळेस येतो, म्हणून नुसती सरासरी पण चालत नाही, त्या त्या वेळच्या प्रवाहाच्या प्रमाणात प्रत्येक बाटलीतलं पाणी एकत्र करावं लागतं. हे कॉम्पोझिट सॅम्पल प्रकरण पुस्तकात वाचून माहीत होतं, पण पहाटे तीनला डासांच्या थव्यात उभं राहून कळलं.

आता पेन जे मोजत नाही ते. हे फक्त नायट्रेट मोजतं. सांडपाण्यातला नायट्रोजन सुरुवातीला नायट्रेट नसतोच, तो असतो अमोनिया आणि सेंद्रिय स्वरूपात, प्लांटमधले जिवाणू हवा मिळाली की अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. प्लांट नीट चालत नसेल, हवा सोडणारा ब्लोअर बंद असेल, तर अमोनिया तसाच बाहेर येतो आणि पेन म्हणतं ३, वा वा काय स्वच्छ पाणी! तो अमोनिया नंतर नदीत जाऊन नायट्रेट होतो आणि होताना एका मिलिग्रॅमला साडेचार मिलिग्रॅमच्या वर ऑक्सिजन खातो, माशांच्या तोंडचा. म्हणजे सगळ्यात वाईट दिवशी पेन सगळ्यात चांगला आकडा देऊ शकतं. मॅन्युअलमध्ये याबद्दल एक ओळ नाही. हे मला सगळ्यात जास्त खटकलं.

म्हणून टोटल नायट्रोजन लॅबमधून करून घ्यायचं ठरलं. ॲसिड घालून पीएच २ च्या खाली आणलेली बाटली, बर्फात ठेवून, वेळेत पोचवली, सगळं नियमात. चार दिवसांनी रिपोर्ट आला, टोटल नायट्रोजन ६. मी दोनदा वाचला. त्याच पाण्यात पेनने नुसतं नायट्रेटच १२ दाखवलं होतं. भाग पूर्णापेक्षा मोठा कसा असेल? आधी वाटलं आपलंच पेन गंडलंय, परत कॅलिब्रेट केलं, म्हणजे स्टँडर्डशी जुळवून घेतलं, परत १२. मग लॅबला फोन. बरंच इकडून तिकडे झाल्यावर एक बाई म्हणाल्या, "अहो, आम्ही टीकेएन केलंय, तेच टोटल समजतो." टीकेएन म्हणजे केल्डाल पद्धत, डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग लॅबमध्ये योहान केल्डालने १८८३ मध्ये धान्यातली प्रथिनं मोजायला काढलेली, अजून चालते आणि उत्तम चालते, पण ती अमोनिया आणि सेंद्रिय एवढंच मोजते, नायट्रेट तिच्यात येतच नाही. म्हणजे खरं टोटल १८ होतं, ६ अधिक १२. तो ६ चा कागद तसाच पुढे गेला असता तर नदीचा दोन तृतीयांश नायट्रोजन एका शब्दात गायब झाला असता. पेनचे पैसे मी त्या दिवशी वसूल झाले असं धरतो.

पण लगेच आरती ओवाळू नका, कारण आता क्लोराइड. या टोकाला नायट्रेट आणि क्लोराइड यातला फरक पूर्ण कळत नाही, क्लोराइड जास्त असलं की ते त्यालाही थोडंफार नायट्रेट समजतं, बायकार्बोनेटचं पण थोडं तसंच. सांडपाण्यात क्लोराइड कायम जास्त असतं, मीठ आपण खातो आणि ते तसंच बाहेर पडतं. नाल्यावर १२ च्या ठिकाणी १२.३ आलं तर कोण बघतंय. पण नदीत खालच्या पुलाशी लॅबने ०.८ दिलं आणि पेनने १.१. फरक तोच ०.३, पण आता तो जवळजवळ चाळीस टक्के झाला. आणि नदीचा प्रवाह समजा ६०० एमएलडी धरला तर हे ०.३ म्हणजे १८० किलो रोज, जे अस्तित्वातच नाहीत. पुढे हिशोब येतोय त्यात बघाल, आमचं सगळं उत्तर मिळून पण एवढं होत नाही. म्हणून नदीत वर एक रीडिंग, खाली एक रीडिंग, वजाबाकी केली की आलं प्रदूषण, हा जो प्रकार लोक या पेनने करतात तो कृपा करून करू नका. फ्लोरिडात झऱ्यांसाठी नायट्रेट-नायट्रोजनची मर्यादा ०.३५ आहे, तिथे हे पेन घेऊन जाणं म्हणजे ट्रकच्या वजनकाट्यावर मंगळसूत्र ठेवणं.

कॅलिब्रेशनबद्दल पटकन. डब्यात १० आणि १०० चं स्टँडर्ड देतात, नदीसाठी त्याचा काही उपयोग नाही, १० चं दहापट पातळ करून १ चं घरी बनवा आणि १ ते १० मध्ये कॅलिब्रेट करा. टोक वापरायच्या आधी अर्धा तास भिजवा. सॅम्पल आणि स्टँडर्ड एकाच तापमानाला आणा, थंड बाटलीत बुडवलं तर आकडा हलत राहतो. पडद्याखाली हवेचा बुडबुडा अडकतो, पेन हलकंसं झटकलं की जातो. आणि दर तासाला स्टँडर्डमध्ये बुडवून बघाच, माझ्याकडे एकदा पाऊण तासात १० चं ११.३ दाखवायला लागलं होतं, टोकावर बोट फिरवलं तर बुळबुळीत थर. सांडपाण्यात ठेवलं की तो येणारच.

आता पेनचा मला सापडलेला सगळ्यात भारी उपयोग, जो कंपनीला पण माहीत नसावा. मुरवलेल्या पाण्याचा प्रश्न असा असतो की त्यातला किती नायट्रोजन नदीपर्यंत पोचतो. लोक दोनच उत्तरं देतात, एकजण म्हणतो झाडांनी घेतला, शून्य, दुसरा म्हणतो सगळाच पोचला. उदाहरणाला सोपे गोल आकडे घेतो. प्लांट १२ एमएलडी, टोटल नायट्रोजन १८. त्यातलं ४ सरळ नदीत, म्हणजे ७२ किलो. ८ एमएलडी मुरवलं, म्हणजे १४४ किलो जमिनीत. शून्यवाला म्हणणार ७२, सगळावाला म्हणणार २१६. यातलं खरं काय?

इथे तेच क्लोराइड, ज्याने वर डोक्याला शॉट दिला होता, कामाला येतं. क्लोराइड झाडं फारसं घेत नाहीत, जिवाणू खात नाहीत, मातीला चिकटत नाही, पाण्याबरोबर मुकाट्याने चालत राहतं. प्लांटच्या पाण्यात क्लोराइड २२०, आसपासच्या न मिसळलेल्या विहिरीत ६०, आणि नदीकाठी जिथे पाझर बाहेर येतो तिथे १४०. म्हणजे पाझर निम्मा प्लांटचा, निम्मा मूळचा. मूळच्या पाण्यात नायट्रोजन नगण्य धरला तर पाझरात १८ चा निम्मा ९ असायला हवा. मोजला तर ३.६. म्हणजे चाळीस टक्के उरलाय, बाकीचा वाटेत गेला, थोडा मुळांनी घेतला, थोडा मातीत अडकला, आणि जिथे ओलावा आहे, हवा नाही आणि खायला सेंद्रिय कार्बन आहे तिथे जिवाणूंनी त्याचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडला. १४४ चे चाळीस टक्के ५८ किलो. अधिक ७२. १३० किलो रोज. ना ७२ ना २१६. उन्हाळ्यात बाष्पीभवनाने मीठ घट्ट होतं तेव्हा हे मिश्रणाचं गणित फसतं, तेव्हा नुसतं नायट्रोजन भागिले क्लोराइड हे गुणोत्तर बघायचं, पाणी उडालं तरी ते बदलत नाही.

क्लोराइड आम्ही सिल्व्हर नायट्रेटच्या टायट्रेशनने काढतो, म्हणजे ते थेंबथेंब टाकत जायचं, पिवळ्याचं विटकरी झालं की थांबायचं, स्वस्त आणि पक्कं. पण नाव परत वाचा. सिल्व्हर काय? नायट्रेट. तोच ड्रॉपर मी पंचवीस मिलीच्या नायट्रेटच्या कपावरून नेला, एक थेंब पडला आणि आकडा ०.४ ने वर. हिशोब केला तर एका थेंबात तेवढंच नायट्रेट असतं, पेन अगदी बरोबर होतं. तेव्हापासून दोन टेबलं वेगळी.

पाझर चाळीस टक्के देतो हे आजचं. पण ते पाणी जमिनीत कधी गेलं होतं? आंरी दार्सीने १८५६ मध्ये वाळूतून पाणी कसं चालतं त्याचा नियम दिला, त्याने काढा: वाळूची वहनक्षमता दिवसाला १० मीटर, उतार हजाराला २, सच्छिद्रता पाव, तर पाणी दिवसाला ८ सेंटीमीटर सरकतं. तळं काठापासून ५०० मीटरवर असेल तर सतरा वर्षं. म्हणजे आज पेन पाझरात बुडवून जो आकडा बघतोय तो सतरा वर्षांपूर्वीच्या प्लांटचा आहे, तेव्हा प्लांट होता की नाही तेच आधी विचारा. आणि आज प्लांट सुधारला तरी काठावर लगेच काही दिसणार नाही, यावरून भांडू नका. चुनखडीचा प्रदेश असेल तर उलटं. अमेरिकेत टॅलाहासी शहर प्रक्रिया केलेलं पाणी शेतांवर फवारत होतं आणि वकुल्ला झऱ्यात नायट्रेट वाढत होतं, जमिनीत रंग सोडून बघितला तर तो झऱ्यात निघाला, खालच्या गुहांमधून, वर्षांच्या नाही, महिन्यांच्या हिशोबात. शेवटी शहराने प्लांट सुधारून नायट्रोजन ३ पर्यंत खाली आणायचं काम केलं.

पाझरातला नायट्रोजन शेतातल्या खताचा आहे असं कोणी म्हणालं (म्हणतातच) तर पेन तिथे मुकं. त्यासाठी नायट्रोजन-१५ हा जड समस्थानिक (नायट्रोजनचाच थोडा जड प्रकार) हवेतल्यापेक्षा हजारात कितीने जास्त आहे ते बघतात, युरियासारख्या खतात तो फरक शून्याच्या आसपास, सांडपाण्यात साधारण अधिक १० ते २०, पण शेणखत पण तिथेच येतं आणि वायू होऊन गेलं की उरलेला आणखी जड होतो. मग शेण आणि माणूस वेगळं करायला कृत्रिम साखर शोधायची, एसेसल्फेम. डाएट कोल्ड्रिंकमधली ही गोष्ट शरीरातून जशीच्या तशी बाहेर पडते आणि गाय डाएट कोल्ड्रिंक पीत नाही. हे मला फार आवडतं.

पेनच्या अचूकतेवर एवढं बोललो पण खरी चूक कुठे होती माहितीये? पाण्याच्या मापात. नदीकडे जाणाऱ्या चॅनेलवर नव्वद अंशांचा व्ही-नॉच (पाणी वाहून जायला व्ही आकाराची खाच असलेला आडवा बांध) आहे, पट्टीवर उंची वाचायची. प्रवाह उंचीच्या अडीचाव्या घाताने वाढतो. २६ सेंटीमीटरला ४.१ एमएलडी, २७ ला ४.५. पट्टीवर शेवाळ, वर फेस, कोण २६ वाचतं कोण २७. एका सेंटीमीटरने ७४ किलोचे ८१ होतात, म्हणजे आम्ही पेनच्या तीन टक्क्यांवरून रात्री वाद घालत होतो आणि दहा टक्के फेसात बुडाले होते. तिथले ऑपरेटर काका हसून म्हणाले, "ब्रश आणलाय का? आधी पट्टी घासा, मग पेन काढा." घासली. खाली ०.५ ची रेघ होती, ती आम्ही तीन महिने बघितलीच नव्हती.

तर पाचपैकी साडेतीन. प्लांटचं आउटलेट, नाले, पाझर, विहिरी, कुठे जास्त कुठे कमी, कधी चढतं कधी उतरतं, यासाठी घ्या, डोळे झाकून. नदीच्या मुख्य प्रवाहासाठी आणि कागदावर सही करायच्या आकड्यासाठी लॅबच, आणि रिपोर्टमध्ये टोटल म्हणजे काय ते फोनवर विचारून. अर्धा स्टार मॅन्युअलचा कापला, एक त्या बटणाचा. टोक आठ महिन्यात दुसऱ्यांदा बदललंय, सांडपाण्यात वापरलं तर चार महिन्यांच्या पुढे धरू नका. नवीन टोक काल बसवलं, १ च्या स्टँडर्डला ०.९७ दाखवतंय, अजून भिजतंय.